चाकाईची गाडी

माझ्या सासऱ्यांना दोन सुना. एक मी आणि दुसरी पडवीतली गाडी. त्यांतली लाडकी कोण, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मी चहा घेऊन गेले तर मामा गाडीचं हँडल फिरवत होते. "ठेव तिथं," एवढं म्हणून पुन्हा तिच्याकडे वळले. मी पेणची, मॅट्रिक झालेली आणि तोंडानं जरा तिखट. म्हटलं, "मामा, ती चहा घेते का तेपण विचारा." मामा हसले नाहीत. गाडीवरून हात फिरवत म्हणाले, "ती तेल पिते."

ते अक्षरशः खरं होतं. नारळी पुनवेच्या आधी आमच्या गावात होड्यांना मुशीचं तेल चोपडतात. खारी हवा आणि लाकूड यांचं हाडवैर, ते या माशाच्या तेलानंच थोपवून धरता येतं. होडीला लावून उरलेलं तेल मामा गाडीला लावायचे. लाकडी टपापासून चाकांच्या आऱ्यांपर्यंत, आणि इंजिनाला जिथं जिथं भोक दिसेल तिथं आतसुद्धा. मोटारीला होडीचं तेल लावत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. पुनवेला होडीला एक नारळ, गाडीला एक नारळ. पुढं आठवडाभर घराला असा वास यायचा की माझ्या माहेरची माणसं त्या दिवसांत सणाचं बोलावणंसुद्धा टाळायची.

गाडी चालत नव्हती. मी सासरी आले तेव्हाही नव्हती आणि त्याआधी कित्येक वर्षं नव्हती. तरी मामा रोज सकाळी तोंड धुतलं की तिचं हँडल दहा-वीस वेळा गरागरा फिरवायचे आणि मगच चहाला हात लावायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "सांदे धरतात. मानसाचं पन धरतात."

आमचं गाव गव्हाणच्या पुढं, न्हावा शेवाच्या वाटेवर, खाडीला लागून. एका अंगाला भाताची खारं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. मामांचे वडील आगरावर मुकादम होते. आगराचा मालक मुंबईचा एक शेठ. त्याच्या बापानं विलायतेहून आणलेली मोटार जुनी झाली तेव्हा शेठनं ती मचव्यात घालून इकडे आणली आणि आगराच्या बांधावर फिरायला ठेवली. घोड्याच्या बग्गीचा घोडा काढून घ्यावा तशी दिसणारी ती गाडी. त्या वेळी आमच्याकडे बैलगाडीसुद्धा चार घरांत होती. देवजी, म्हणजे माझे मामा, पोरवयात त्या गाडीमागं धावून धावूनच मोठे झाले, आणि मग शेठनं तिला पुसायचं काम त्यांनाच दिलं.

मामांचं लग्न ठरलं ते बांधापलीकडच्या गावातल्या सगुणाशी, माझ्या सासूबाईंशी. मी त्यांना आत्या म्हणते. शेठ खुशीत होता, त्यानं नवरी आणायला गाडी दिली. मामांनी लग्नाआधीच निरोप धाडला होता, तुझा पाय मातीला लागणार नाही. नवरा-नवरी गाडीत, वऱ्हाड मागून पायी, वाजंत्री पुढं, अशी वरात निघाली. बांधाच्या बरोबर मध्यावर उघाडी आहे. भरतीचं पाणी अडवायला बांधात लाकडी दारं बसवतात, ती उघाडी. तिथं गाडीनं आतल्या आत दात खाल्ले आणि ती थांबली. शेठच्या ड्रायव्हरनं खटपट केली आणि हात झाडले. नवरी उतरली. शालू पोटऱ्यांपर्यंत धरून, चिखल तुडवत अंगणात आली. वऱ्हाड आधीपासूनच चालत होतं, त्यामुळे कुणाला तिची कीव आली नाही.

पाठोपाठ गाडी बैल लावून ओढून आणली. शेठ म्हणाला, ठेवा तुमच्याकडेच. पण नवरी अर्ध्या वाटेत उतरली, हे गावाच्या तोंडी लागणार होतं. मामांची आई बायजाबाई मोठी धोरणी. गाडीच्या पुढच्या अंगाला एक पितळी पाटी होती. तिच्यावर बसलेल्या बाईची आकृती, बाजूला चाक, आणि पायाशी काही अक्षरं. बायजाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ई देवी हाय. तिला उनान, धुरलान उबी करून फिरवली, म्हनून अरून बसली." तिथल्या तिथं पाटीचे स्क्रू काढायला लावले, पाटी नवरीच्या ओटीत नारळाशेजारी ठेवली आणि दोघींना एकदमच उंबऱ्याच्या आत घेतलं. पाटी देवघरात टाकांच्या रांगेत बसली. नाव पडलं चाकाई.

तेव्हापासून आत्यांचं आणि चाकाईचं गूळपीठ. "आमी दोगी एकाच दिसाला या घरान आलू, एकाच वटीन," असं त्या मला सांगायच्या. सासू रागावली की चाकाईला सांगायचं, पोर तापलं की चाकाईला सांगायचं. माझ्याबद्दलही तिला बरंच काही सांगितलं असणार. चैत्रात आणि नवरात्रात सगळे टाक चिंच आणि राख लावून घासायचे, पण चाकाईला आत्या स्वतः घासायच्या, दुप्पट वेळ. मी सासरी आले तोवर तिच्यावर बाईचा फक्त फुगवटा उरला होता. बाकी नुसता लखलखाट.

आणि मामांच्या वाट्याला काय? टोमणा. मामांनी कुंपण अर्धं घातलं, आत्या म्हणणार, "आनली उघारीपाशी नि सोरली." जेवता जेवता उठले, "झाली उघारी." हळूहळू गावानंही तो शब्द उचलला. कुणाचं घर पायाला येऊन थांबलं की लोक म्हणायचे, देवजीची उघाडी झाली. मामा सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचे. पण मी रोज सकाळी त्यांना हँडल फिरवताना बघत होते. ज्याला हसू येतं तो माणूस पन्नास वर्षं हँडल फिरवत नाही.

मग न्हावा शेवाच्या बंदराचं काम सुरू झालं. जमिनी आधीच गेल्या होत्या, आता मुरुमाचे डंपर आले. आगरातले वाफे एकेक करून बुजायला लागले. शहाऐंशी सालच्या होळीच्या सुमाराला कळलं की पावसाच्या आत बांधही भरावाखाली जाणार, उघाडीसकट. गावात कुणाला जमिनीचं दुःख, कुणाला आगराचं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला, नामदेवला म्हणाले, "बांध जायचे आदी तिला उघारीपासून घरा आनायची हाय. गारीन बसवून. तू मानूस बग."

आत्यांचे गुडघे तोवर पार गेले होते. देवघरापासून ओटीपर्यंत यायच्या त्यासुद्धा भिंत धरून.

नामदेव तुर्भ्याला एका कारखान्यात फिटर. त्याच्या फोरमनच्या ओळखीत केरसी पस्ताकिया नावाचे एक पारशी गृहस्थ होते. ग्रँट रोडला त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि जुन्या गाड्यांचं वेड इतकं की बायको माहेरी गेलेली तिसऱ्या दिवशी लक्षात आली, असं ते स्वतःच सांगत. एका रविवारी ते आले. पडवीत शिरताच नाकाला रुमाल लावला. मग रुमाल काढून टपावर बोट घासलं, बोटाचा वास घेतला आणि हसत सुटले.

"बावा, हा तर फिश ऑइल! मोटार हाय का बांगडा?"

पण नंतर त्यांनी हँडल धरलं, आणि ते अलगद फिरलं. केरसींचं हसू थांबलं. पुन्हा फिरवलं. अशा जुन्या गाड्यांची इंजिनं गंजून दगड होतात, असं ते म्हणाले, आणि मामांकडे असे बघत राहिले की मामा लाजून गोठ्याकडे बघू लागले.

"ही एल्डरकिन हाय," केरसी म्हणाले. "उन्नीसशे चार-पाचची. मी फक्त फोटोत पाहिली होती. कुठं दुसरी असल तर मला म्हाईत नाय."

त्यांनी गाडीखाली जाऊन पाहिलं, वर पाहिलं, आणि दुखणं सांगितलं. पाण्याचा पंप आणि ठिणगी पाडणारं यंत्र, दोन्ही फिरवणारं एक दातेरी चाक होतं, ते जागेवर नाही. ते कुठं गेलं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दात झिजले म्हणून काढून ठेवलेलं ते चाक मामांच्या चुलत्यांनी वजनदार दिसलं म्हणून जाळ्याला बांधलं आणि जाळ्यासकट खाडीत घालवलं.

"तर मग दुसरं करून घेऊ," नामदेव म्हणाला. "मापं सांगा."

"तीच तर मुश्किल हाय." केरसी ओटीवर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्या विलायती कारखानदाराची दया आली. एल्डरकिन म्हणजे एका लहानशा गावातला सुतार. मोटारी करायच्या आधी तो अपंग माणसांसाठी चाकांच्या खुर्च्या करायचा. ज्याला खुर्ची हवी त्याचं अंग मोजायचा, पाय मोजायचे, कुठल्या कुशीला दुखतं ते विचारायचा आणि मग लाकूड कापायचा. पुढं मोटारी करायला लागला, पण खोड तीच. गिऱ्हाइकाची मापं घेऊन गाडी. लांब पायांच्या माणसाला लांब गाडी, जाड्याला रुंद. मग आतली चाकं, दांडे, सगळं त्या बेतानं. दोन गाड्या सारख्या नाहीत. तोवर दुसरे कारखाने एका साच्याच्या हजार गाड्या काढू लागले होते. पाच-सहा वर्षांत याचं दुकान बसलं.

"शिंप्यानं रेडिमेडशी झुंज घेतली," मी म्हटलं.

"अगदी तसंच, बेन. पण त्याच्या गावाला एक छोटासा म्युझियम हाय. तिथं सगळ्या गाड्यांचे नकाशे सांभाळलेले हायेत, नंबरवार. नंबर कळवला का ते चाकाचा नकाशा पाठवतील. नंबर पुढच्या पितळी पाटीवर असतो. दुसरीकडे कुठं घालायचाच नाय तो. पाटी कुठं हाय?"

मी मामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होते.

"हारवली," मामा म्हणाले.

केरसी हिरमुसले. आणखी काही मिळतं का बघतो, असं म्हणून गेले. मी मामांना गोठ्यामागं गाठलं. मला राग आला होता आणि राग आला की मी दम धरत नाही.

"मामा, पाटी तर देवघरात आहे."

"हळू बोल, इमल."

"ती देवी नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"शेठचे गारीला रोज पुसत व्हतू मी. मना नाय ठावां तर कुनाला?" ते गव्हाणीच्या कडेवर बसले. "ती या घरान आली तवा लय लहान व्हती. चिखलान पाय भरलेले, लोकं हासतान, नि ती ररते. आयनं पाटी तिचे वटीन टाकली, बोल्ली, ई तुजे संगची हाय. तवा ती ररायची थांबली. माज्याकरं बघून नाय थांबली, त्या पाटीकरं बघून थांबली. आता मी कसा सांगू, ती कारखान्याची पाटी हाय म्हनून?"

"मग गाडी चालायची नाही. बांध जाईल."

"जाऊ दे."

म्हणायला जाऊ दे म्हणाले. पण रोज संध्याकाळी बांधावर जाऊन मुरुम कुठवर आला ते बघून यायचे, आणि रोज सकाळी हँडल फिरवायचे. बायकोला दिलेला शब्द पाळायचा तर तिची देवी काढून घ्यायची, देवी राखायची तर शब्द बुडवायचा. माझा जीव तुटत होता. दोनदा तर आत्यांना सांगून टाकावं म्हणून मी देवघराच्या दारापर्यंत गेले. आत आत्या चाकाईला सांगत होत्या, "म्हातारा हल्ली जेवत नाय गं, जरा बग त्याच्याकरं." मी तशीच मागं फिरले.

तीन-चार आठवड्यांनी केरसी पुन्हा आले, न बोलावता. आत्यांनी त्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढं आलं तसे केरसी खुलले. जेवण झाल्यावर पिशवीतून एक फोटो काढून म्हणाले, "पाटी अशी दिसते बघा. कुठं अडगळीत असंल तर ओळखायला बरा."

फोटो मामांच्या हातात जायच्या आधी आत्यांच्या हातात गेला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला. बसलेली बाई. बाजूला चाक. नाक, डोळे, अंगावरची शाल, सगळं रेखीव, नवीकोरी असताना जसं होतं तसं.

"ई कोन?" आत्यांनी विचारलं.

"काय नाय, कारखान्याचा..." मामा घाईघाईनं म्हणाले.

"तुला नाय इचारला. यांना इचारला."

केरसींना बिचाऱ्यांना काय ठाऊक. ते रंगात येऊन सांगू लागले. "ही एल्डरकिनची आई, बाय. तिचे पाय लुळे होते. गरीब माणूस, आईला अंगणात आणायचा तरी पाठुंगळी घ्यायला लागायचा. म्हणून पहिली चाकाची खुर्ची त्यानं तिच्यासाठी केली. ती खुर्ची बघून लोक आले, म्हणून कारखाना झाला, म्हणून मोटार झाली. मोटार झाली तेव्हा आई गेली होती. मग प्रत्येक गाडीच्या पुढं त्यानं आईला बसवली. आणि गाडीचा नंबर कुठं? तर आईच्या पायाशी."

आत्यांनी फोटो खाली ठेवला. भिंत धरत आत गेल्या. केरसी आमच्या तोंडांकडे बघू लागले. मी त्यांना हळूच सगळं सांगितलं, तसं त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मामा ओटीच्या खांबाला टेकून उभे होते, लग्नातल्यापेक्षा मोठा अपराध केल्यासारखे.

थोड्या वेळानं आत्या आल्या. पदरात चाकाई होती. त्या मामांच्या समोर उभ्या राहिल्या.

"तुला ठावां व्हता?"

मामांनी मान हलवली.

"पयल्यापासून?"

"पयल्यापासून."

"मंग इतकी वरसा माज्यासंग हात कशाला जोरलास तिला?"

मामांनी वर बघितलं. "तू जोरत व्हतीस म्हनून."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मी सहसा रडणारी बाई नव्हे.

आत्यांनी पाटीवर पदर फिरवला. मग म्हणाल्या, "आयस हाय ना कुनाची तरी? पाय नवतं तिला. पोरानं तिला मोरं बसवून गावभर फिरवली. मंग मी काय खोटा पुजला?" केरसींकडे वळून म्हणाल्या, "हातपाय धू नि बग काय बगाचा हाय तो."

केरसींनी रहाटावर जाऊन हातपाय धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि दोन्ही हातांनी पाटी घेतली. उजेडात तिरपी करून बघितली, उलटी करून बघितली, भिंग लावलं. मग पाटी परत आत्यांच्या ओंजळीत ठेवली आणि पायरीवर बसले. पायाशी काही उरलंच नव्हतं. चिंच आणि राखेनं आकडे कधीच खाऊन टाकले होते. सगळं केलं आणि पुन्हा येऊन उघाडीपाशीच थांबलो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"काय झाला?" आत्यांनी विचारलं.

"नंबर गेला, बाय. तुमची पूजा जास्त झाली."

आत्यांनी पाटी पुन्हा पदरात घेतली. मग मला म्हणाल्या, "इमल, कोयती आन. नि माजा कुंकवाचा आरसा."

त्या अंगणात तुळशीवृंदावनापाशी गेल्या. ते मामांच्या लग्नाच्या साली बांधलेलं. गवंड्याचा चुना ओला होता तेव्हा बायजाबाईंनी त्याच्यावर लक्ष्मीच्या पावलांसारखं चाकाईचं पाऊल उठवायचं ठरवलं, आणि पाऊल कुठं दिसेना म्हणून अख्खी पाटीच दाबली होती. तिथं एक खळगा आहे एवढंच मला माहीत होतं. दर दिवाळीला वृंदावनाला चुना लावायचे तो मीच, आणि माझ्याआधी आत्या. खळगा जवळजवळ भरून गेला होता. आत्या खाली बसल्या, गुडघे कुरकुरले तरी बसल्या, आणि कोयतीच्या टोकानं चुन्याचे पापुद्रे काढू लागल्या. दिवाळीमागून दिवाळी निघत होती. शेवटच्या थराखाली एक बाई उमटली, आत खोल गेलेली, नाकीडोळी नीट. तिच्या पायाशी उलटे आकडे. केरसी अंगणात पालथे पडले, आरसा लावला आणि आकडा वाचला. एक्काहत्तर.

नकाशा यायला वेळ लागला. तोवर केरसी दर रविवारी यायचे, नामदेव आणि ते मिळून गाडीची आतडी काढून धुवायचे, आणि सोमवारी दुकानात गिऱ्हाइकं दूर उभी राहतात म्हणून केरसी तक्रार करायचे. चाकांच्या धावांवर नामदेवनं जुन्या ट्रकच्या टायरची पट्टी ठोकली, बैलगाडीला ठोकतात तशी. वैशाखात जाडजूड पाकीट आलं. चाकाचा नकाशा होताच, शिवाय एक्काहत्तर नंबरच्या गिऱ्हाइकाची, म्हणजे शेठच्या बापाची, मापंही होती. कंबर वाचून आत्या म्हणाल्या, "म्हनून आमी दोगं त्या गारीन येवरं ऐसपैस बसलेलू."

नामदेवनं तुर्भ्याला चाक ओतून, दात पाडून आणलं. अंगणातच गाडीनं पहिला आवाज केला तेव्हा कोंबड्या छपरावर गेल्या. मामा नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

मुरुम उघाडीच्या अलीकडच्या वाफ्यापर्यंत आला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी नामदेवनं आणि चार पोरांनी गाडी ढकलत उघाडीपाशी नेली. गाडी चालत असताना ढकलत का, तर मामांचा हट्ट. मोडली तिथूनच सुरू व्हायला हवी. आत्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. नवं लुगडं, केसांत अबोली, ओटीत चाकाई. मामांनी त्यांना हात देऊन गाडीत बसवलं. केरसी चालवायला. मामा आत्यांच्या शेजारी बसले आणि समोर बघत राहिले, शेठचा ड्रायव्हर बसायचा तसे ताठ.

हँडल फिरलं आणि गाडी सुरू झाली. समोरून डंपरची रांग येत होती. पुढच्या डंपरवरचा धर्मराज बीडकडचा, आमच्याकडे पाणी प्यायला यायचा. त्यानं गाडी बघितली, आत्यांना बघितलं, आपला डंपर कडेला घेतला आणि खाली उतरून मागच्यांनाही हात केला. "सरका रे, नवरी चाललीय." सगळे डंपर बांधाच्या कडेला उभे राहिले आणि मधून आमची गाडी गेली, माणूस चालतो त्याहून थोडी जलद, मुशीच्या तेलाचा धूर सोडत. गाव दुतर्फा उभं होतं. वाजंत्री नव्हती, पण गाडीच पुरेशी वाजत होती.

मी धावत पुढं घरी आले. मला एक काम होतं. ते करून अंगणात आले तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी आलेली दिसली. आणि तिथंच, घर समोर दिसत असताना, ती दोनदा ठसकली आणि थांबली.

केरसी उतरले. झाकण उघडलं, नळी फुंकली, हँडल मारलं. पुन्हा मारलं. गाडी गप्प. मामांचा चेहरा मला इतक्या लांबूनही दिसला. ते हळूहळू उतरले, वळसा घालून आत्यांच्या बाजूला आले आणि हात पुढं केला. त्या वेळीही असाच केला असणार.

"उतर," ते म्हणाले. "या वक्ताला पन नाय जमला."

आत्यांनी हात धरला नाही. लुगडं नीट केलं, ओटीतली चाकाई सावरली आणि मागं टेकून बसल्या.

"मी नाय उतरनार," त्या म्हणाल्या. "त्या वक्ताला मी चालली. आता तू चाल."

मग आधी केरसी हसले, मग सगळी गल्ली. मामांनी डोळे पुसले, खांदा गाडीला लावला आणि ढकलायला सुरुवात केली. नामदेव धावला, केरसी धावले, गावातली पोरं आली, पाण्याला आलेला धर्मराजही आला. पण मामांनी पुढची जागा कुणाला दिली नाही. गाडी डुलत डुलत अंगणात आली, तुळशीला वळसा घालून थेट पायरीपाशी.

उंबऱ्यावर मी तांदळानं भरलेलं माप ठेवलं होतं. सासूचं माप सुनेनं ठेवायचं, असा रिवाज कुठंच नाही. पण एवढ्या वर्षांत या घरात रिवाजाप्रमाणे झालं तरी काय होतं? नामदेव आणि केरसींनी आत्यांना उचलून उंबऱ्यापाशी उभं केलं. पायाला माती लागू दिली नाही. आत्यांनी माप बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उजव्या पायानं ते हलकेच लवंडलं. तांदूळ घरभर झाले.

मग त्या मागं वळल्या. मामा अंगणात गाडीला धरून धापा टाकत उभे होते, घामानं निथळत.

"ये आता आतन," आत्या म्हणाल्या. "पोचवलीस मना."